अण्णांचा मफलर

"आलं परत," सुखदा म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. लहरी दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरच्या पडद्यावर जिथे सपाट रेघ हवी, तिथे पुन्हा ते टेंगूळ उभं होतं.

टेबलावर तिचं यंत्र होतं. नवजात बाळांच्या काळजाचे ठोके टिपणारं, तळहाताएवढं. पुण्याहून बंगळुरूला आल्यापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं. हे यंत्र इस्पितळात इतर यंत्रांच्या मांडीला मांडी लावून बसणार, म्हणून त्यातून नको ती लहर बाहेर गळता कामा नये. आज शेवटची चाचणी होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख हेमलताबाई आणि समितीची मंडळी मागे खुर्च्या टाकून बसली होती. टेंगूळ गेलं तर यंत्र इस्पितळात जाणार, नाही गेलं तर कायमचं कपाटात.

शेजारी इथले जुने तंत्रज्ञ व्यंकोजीअण्णा उभे होते. बंगळुरूच्याच चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातले, निवृत्तीला टेकलेले. प्रयोगशाळेत त्यांच्या कानांचा केवढा बोलबाला! बिघडलेल्या पंपावर नाहीतर ट्रान्सफॉर्मरवर ते तळहात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि नेमका दोष सांगून मोकळे व्हायचे. यंत्रं अण्णांच्या कानात येऊन गाऱ्हाणी सांगतात, असं सगळे म्हणत. बाकी माणूस हट्टी. एसीचा गारवा बाधतो म्हणून बारा महिने मफलर. पोरं त्यावरून थट्टा करत आणि अण्णा कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत हसण्यावारी नेत. सुखदाला मात्र या माणसाचं भारी कौतुक. आपल्याला असे कान कधी येतील, याचा तिला चक्क हेवा वाटे.

"एवढा मोठा पट्टा कशाला बघतेस?" अण्णा म्हणाले. "टेंगूळ मधोमध आण. आता स्पॅन कमी कर."

तिने खुंटी फिरवली. टेंगूळ पडद्याच्या मध्यावर आलं आणि दोन्ही बाजूंची गर्दी बाहेर गेली.

"आता रिझोल्यूशन बारीक."

पडदा रेंगाळत बदलू लागला. सुखदा अधीर होऊन पुन्हा खुंटीला हात घालणार, तोच अण्णांनी मान हलवली. "घाई नको. बारीक बघायचं तर स्वल्प थांबावं लागतं."

थांबल्यावर खरंच टेंगळाची सुई झाली. उंच, बारीक, लख्ख. किती वर जाते आणि किती खाली येते, ते आता स्पष्ट मोजता येत होतं.

"यंत्र बंद करून बघा पुन्हा," हेमलताबाई म्हणाल्या.

यंत्राला वीज देणाऱ्या भिंतीवरच्या मुख्य खटक्याला हात लावायचा तो अण्णांनीच, असा इथला दंडक होता. कालपासून हेच चाललं होतं. यंत्र बंद केलं की टेंगूळ गायब, सुरू केलं की हजर. चोर यंत्रातच आहे, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सुखदानेही.

अण्णा भिंतीकडे निघाले. सुई खचू लागली.

सुखदाने चमकून यंत्राकडे पाहिलं. त्याचा हिरवा दिवा लागलेलाच होता. अण्णा अजून वाटेतच होते. ते खटक्यापाशी पोचले तेव्हा सुई पार नाहीशी झाली होती, आणि यंत्र बंद झालं ते त्यानंतर. मग खटका पुन्हा सुरू करून अण्णा परत आले, पडद्यावर वाकले आणि सुई वर चढली. वाकताना मफलर जरा सरकला. कानामागे, पांढऱ्या केसांत, घेवड्याच्या बीएवढं काहीतरी दडलं होतं. दुसऱ्या कानामागेही तसंच. एकमेकांशी लहरींनी बोलणारी श्रवणयंत्रं.

ज्या कानांची एवढी ख्याती, ते हे कान होते.

"काय निघालं?" हेमलताबाईंनी विचारलं.

नुसतं बोट दाखवायचं होतं. बोट दाखवलं की यंत्र सुटलं. पण मग उद्यापासून याच खोल्यांमधून अण्णांना पोरांच्या नजरा झेलत फिरावं लागणार. सुखदाने खुंटीवरचा हात काढून घेतला.

"माझ्याच सर्किटचा दोष असेल," ती म्हणाली. "मला सापडत नाहीये."

"मग नाइलाज आहे गं. थांबवू या इथेच." हेमलताबाईंनाही ते बोलणं जड गेलं. खुर्च्या सरकू लागल्या.

"स्वल्प थांबा."

अण्णांची नजर पडद्यावर नव्हती. ती सुखदाच्या ओठांवर होती. मघाशी तिची नजर कानामागे कुठे अडकली, ते त्यांनी हेरलं असावं. त्यांनी सगळ्यांसमोर मफलर सोडला, कानांतली दोन्ही यंत्रं काढली, आपल्या जेवणाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवली आणि झाकण दाबून लावलं. सुई गेली. सुखदाच्या यंत्राचा हिरवा दिवा चालूच होता. त्यांनी झाकण उघडलं. सुई आली. पुन्हा लावलं. गेली.

"पोरीचं यंत्र स्वच्छ आहे," अण्णा जरा जास्तच मोठ्याने म्हणाले. "गळत होतो तो मी."

मग हेमलताबाई उठल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पाठोपाठ सगळी खोली टाळ्यांनी भरून गेली. अण्णा पाठमोरे, सपाट रेघेकडे बघत उभे होते. वळलेसुद्धा नाहीत. डब्याचं झाकण बंद होतं.

सुखदाच्या ते लक्षात आलं. तिने टाळ्या थांबवल्या आणि ती दोन्ही हातांनी टेबल बडवायला लागली. हेमलताबाईंनी पाहिलं आणि त्याही लागल्या. मग समितीचीही मंडळी टेबलाभोवती जमली. डबा थरथरला.

अण्णांनी नेहमीसारखा टेबलावर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि सगळं ऐकलं.