उंच गाडीचा काटा

वळणावर सासऱ्यांच्या हातून जुनी जीप कठड्याला घासली, तेव्हा मागच्या सीटवर नात होती. पोरीला खरचटलंसुद्धा नाही, पण सुनेने त्यांना चारचौघांत धारेवर धरलं. "अगं, वेगाचा काटा चाळीसच्या वर गेलाच नव्हता," ते काकुळतीला येऊन सांगत राहिले. "मग तुम्हाला काटाच दिसत नसेल, बाबा," ती म्हणाली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

महिन्याभराने जीप चढावर धापा टाकू लागली, म्हणून सून ती घेऊन गॅरेजात गेली. मेकॅनिक हसला. "ताई, गाडी उंच करून तिला हत्तीचे पाय लावलेत आणि गिअर ठेवलेत जुनेच. ओढणार कशी? काटासुद्धा अजून जुन्या टायरच्या हिशेबानेच चालतोय. चाळीस दाखवतो तेव्हा गाडी पन्नासला असते."

लेकीला धोका नको म्हणून उंच गाडी आणि मोठे टायर, हा हट्ट तिचाच होता.

घरी येऊन तिने किल्ली सासऱ्यांच्या हातात ठेवली. "बाबा, चूक माझी होती. काटाच खोटं दाखवत होता."

त्यांनी नव्या चष्म्याची काच पुसली आणि किल्ली तिला परत दिली. "राहू दे, पोरी. माझं मन राखायला इतकं खोटं बोलू नये."