कार्डावर नसलेला वाक्प्रचार

थेरपिस्टनं चमच्याचं चित्र समोर धरलं. "बाई, हे काय आहे?"

इडियमबाईंनी चित्राकडे पाहिलं. ओठ हलवले. कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "टिप ऑफ माय टंग."

फॉर्मवर फुली पडली. मग कुलूप, मग छत्री. उत्तर तेच, फुलीही तीच. असे पेशंट एखाद्या वाक्यावर अडकून बसतात, हे थेरपिस्टला वीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं.

चाळीस वर्षं बाईंनी शाळेत इंग्रजी शिकवलं. इंग्रजी वाक्प्रचारांचं त्यांना भारी वेड, म्हणून पोरींनी नाव ठेवलं इडियमबाई. दीड महिन्यापूर्वी मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात गेला, वाचा गेली. पाणी म्हणता येईना, पोटच्या लेकीचं नाव येईना. मधूनच एखादा वाक्प्रचार मात्र तोंडातून अख्खा, खणखणीत बाहेर पडायचा. बाकी सगळी शांतता.

आज शेवटची चाचणी होती. फॉर्मच्या तळाशी दोन चौकोन होते. 'समज आहे, उपचार चालू ठेवावेत' हा एक. 'समज नाही' हा दुसरा. दुसऱ्यात खूण झाली की बाईंची रवानगी मागच्या इमारतीत. तिथे वेळेवर जेवण मिळायचं, अंघोळ मिळायची, फक्त कुणाशी बोलत बसायच्या भानगडीत कोणी पडायचं नाही.

थेरपिस्टनं पेन दुसऱ्या चौकोनाकडे नेलं.

"सर, एक मिनिट थांबा," बाईंची लेक म्हणाली. ती शहरात बस चालवायची. सकाळची फेरी संपवून गणवेशातच धावत आली होती. तिनं पिशवीतून एक वही आणि बुटांचा एक जुना खोका काढला. "कपाटात हा खोका सापडला. मी रात्रभर बसून ताडून पाहिलंय."

इंग्रजीशी तिचा छत्तीसचा आकडा. इडियमबाईंची मुलगी इंग्रजीत तीनदा नापास, ही गोष्ट शाळेत चांगलीच गाजली होती. पण नोंद ठेवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. गाडीच्या वहीत लिहितात तसं तिनं आईचं बोलणं लिहून ठेवलं होतं. वेळ, काय घडलं, आई काय म्हणाली. अर्थ कळत नव्हता, म्हणून नुसतं ऐकू आलं तसं.

खोक्यात बाईंची वर्गातली तीनशे कार्डं होती. पुढे इंग्रजी वाक्प्रचार, मागे बाईंच्या अक्षरात मराठी अर्थ.

लेक वाचू लागली. "सकाळी सात दहा. नर्स सुई घेऊन आली. आई म्हणाली, बाइट द बुलेट." तिनं कार्ड उलटलं. "इलाज नाही म्हणून दात-ओठ आवळून सोसणे."

"दुपारी एक. डॉक्टर पंधरा मिनिटं बोलले. आई बरी होणार का, ते काही सांगितलं नाही. आई म्हणाली, बीट अराउंड द बुश." कार्ड उलटलं. "मुद्दा सोडून भलतंच बोलत बसणे."

थेरपिस्टला हसू आलं, आणि ते तसंच ओठांवर विरलं.

"संध्याकाळी पाच. मामा आला. आईला बघून रडायला लागला. आई म्हणाली, कीप युअर चिन अप."

कार्ड उलटायची गरज नव्हती; बाई रडणाऱ्या भावाला धीर देत होत्या.  थेरपिस्टनं स्वतःचाच फॉर्म पुन्हा पाहिला. चाळीस चित्रं, चाळीस फुल्या. चाळीस वेळा ही बाई त्याला सांगत होती की शब्द ओठांवर आहे पण आठवत नाही, आणि ते शंभर टक्के खरं होतं! घरातली सगळी भांडी फुटलेली, आणि ही बाई हाताला लागलेल्या एकुलत्या एका वाटीत अख्खा स्वयंपाक करत होती.

पण पेन त्यानं पहिल्या चौकोनाकडे नेलं नाही. "ताई, मला पटलं. हा फॉर्म तपासणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीला नाही पटणार. ते म्हणतील, चाळीस वर्षांची घोकंपट्टी आहे, आपोआप येतंय. त्यांना काहीतरी नवं हवं. कुठल्याही कार्डावर नसलेलं, ह्यांनी स्वतः जुळवलेलं एक तरी वाक्य."

"आणि ते आलं नाही तर?"

थेरपिस्टनं दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

लेक आईच्या खुर्चीपाशी खाली बसली. आईचा लुळा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. "आई गं, मला कळतंय. दीड महिना तू बोलत होतीस आणि मी बावळटासारखी बघत बसले. आता कळतंय सगळं. ऐकतेयस ना?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले.  नेहमी एका दमात बाहेर पडणारं बोलणं या खेपेला निघेना. एकेक शब्द जणू कुठून तरी शोधून, उचलून आणत होत्या.

"लाइफ," त्या म्हणाल्या. बराच वेळ गेला. "केम." कपाळावर घाम आला. "इन... लाइफ."

थेरपिस्टनं खोका घेतला. भराभर कार्डं चाळली. मग टेबलावरचा जाडजूड शब्दकोश उघडला, पानं उलटली आणि खिन्न होऊन मिटला.

"नाही हो ताई. असा वाक्प्रचार इंग्रजीत नाहीच."

लेक रडत होती, हसत होती, आणि आईचा हात काही सोडत नव्हती.

"इंग्रजीत कसा असेल, सर? आई म्हणतेय, जिवात जीव आला!"