दारावरची माळ

सण तोंडावर आला तशी टेलरकाकूंनी दारावर कागदी चांदण्यांची माळ बांधली. डावीकडच्या चांदण्या म्हणजे उंदराने कुरतडलेले कपटे, टोकांचा पत्ताच नाही. लेकीने कपाळाला हात लावला.

"आई, टेलरमास्तरांच्या दारात असलं कातरकाम? लोक हसतील गं. निदान या पहिल्या चार-पाच तरी काढू का?"

"एकीलाही हात लावायचा नाही. आणि क्रम तर मुळीच बदलायचा नाही."

संध्याकाळी शेजारीण आली ती दारातच थबकली. तिला हसू आवरेना. "काय वहिनी, नातवाचे उद्योग वाटतं?"

काकू सकाळपासून याच प्रश्नाची वाट बघत होत्या. त्या ताठ उभ्या राहिल्या. "छे हो! आमच्या ह्यांचे."

"मास्तरांचे? अहो, पण त्यांचा उजवा हात तर लुळा पडलाय ना?"

"त्याच हाताने कापल्यात. अशा डावीकडून बघत या. ही पहिली, दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यातली. आणि ही शेवटची, आज सकाळची. टोकं मोजून घ्या!"