भराभर चालणारं पेन

"रोज लिहायला पेन हवंय. लिहायची सवय नाही, हात लगेच दुखून येतो," ती म्हणाली. दुकानदाराने पुढे केलेलं एकेक पेन तिने कागदावर चालवून पाहिलं. बॉलपेन फार दाबावं लागत होतं, शाईचं गळत होतं. शेवटी भराभर चालणारं जाडसर जेल पेन तिने निवडलं.

घशाच्या ऑपरेशनमध्ये तिच्या नवऱ्याचा आवाज गेला होता. तो न्हावी. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी आला, तरी त्याची टकळी चालूच असायची. "डोकं उठलं माझं, आता गप्प बसा," हे तिचं रोजचंच.

तिने पेन त्याच्या हातात दिलं. "मनात येईल ते लिहा. मी सगळं वाचेन."

त्याने टोपण काढलं, दोनच शब्द लिहिले आणि टोपण पुन्हा लावलं.

"कंटाळशील तू."