पहिली खेप

आठवडाभर मी चष्म्याच्या दुकानात बसतो, गुहा धुंडाळतो ती सुट्टीतली हौस म्हणून. आज पाणी चढल्याने गुहेत अडकलेल्या बापलेकीला काढायला पाण्याखालच्या बोळातून आत पोचलो, तर दोघं कपारीवर अंग चोरून बसलेले. श्वास घ्यायचा जास्तीचा मास्क एकच होता.

"आधी हिला न्या," बाप म्हणाला.

"नाही. आधी तुम्ही. कपार उंच आहे, पाणी इथवर चढायला वेळ लागेल."

"माणूस आहात की हैवान? लेकीला मागे टाकून मी जाऊ?"

पोरीने त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरला. तिच्यासमोर बोलवेना. मी त्याच्या कानाशी वाकलो. "पाण्याखालून माणूस बाहेर काढायची माझी ही पहिलीच वेळ आहे. जे काही चुकायचं, ते पहिल्या खेपेलाच चुकेल."

मग त्याने माझ्या हातातला मास्क ओढून घेतला, पोरीची बोटं एकेक करून शर्टातून सोडवली आणि हसला.

"तुझा बाप एक नंबरचा भित्रा आहे बघ. मीच पळतो आधी."