करदोटा

"अंगावर धातूचं काही म्हणता काही ठेवू नका," एमआरआयच्या खोलीबाहेर नर्सने बजावलं. आईने लेकाच्या गळ्यातला ताईत काढला. कमरेच्या करदोट्यात मात्र चांदीचा मणी होता, आणि गाठ काही केल्या सुटेना.

"कापा की, ताई. नवा बांधता येईल." नर्सने कात्री पुढे केली.

करदोटा कापतात तो मेलेल्याचा, हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं? पण डोक्याचा फोटो निघाल्याशिवाय डॉक्टर पुढचं बोलायला तयार नव्हते. कुलदेवीचं नाव घेऊन तिने कात्री चालवली.

पोर इतका वेळ गुमान उभं होतं. "आई, बाबांना अंगणात आंघोळ घातली, तेव्हा त्यांचापण असाच कापला ना?"

तिने त्याची चड्डी वर ओढली.

"मग आता मलापण सगळे खांद्यावरून नेणार?"