फोटोतला मेंढा
"फोटोतला मेंढा हा न्हाय. फसवलंत तुमी!" मोबाइलवरची जाहिरात बघून घेतलेला मेंढा घरी पोचताच कुंभारी गावच्या गिऱ्हाइकाने मेसेज टाकला. मेंढा विकणाऱ्या तात्याबांनी सांगितलेलं उत्तर त्यांच्या सुनेने टाइप केलं, "त्योच हाय. धाडण्याआदी लोकर कातरली, म्हणून बारीक दिसतोय." धमकी आली, "थापा मारू नका. मेंढा परत न्या, न्हायतर जाहिरातीखाली 'चोर' लिवतो." त्याच जाहिरातीवर अजून चार मेंढे विकायचे होते. सुनेने व्हिडिओ कॉल लावला. तात्याबा म्हणाले, "फोन त्याच्याम्होरं धरा." "मेंढा साक्ष देणार व्हय?" गिऱ्हाइकाने खिजवत फोन धरला. पडद्यावर उघडाबोडका मेंढा मान खाली घालून उभा होता. तात्याबांनी हाक मारली, "झिपऱ्या, ये बाळा!" मेंढा ओरडत फोनकडे झेपावला. "पटलं, पटलं! आता गप बसा, दावं तोडतोय की!" गिऱ्हाईक किंचाळलं. तात्याबा गप्प झाले. झिपऱ्या फोनच्या मागे त्यांना शोधत होता.